मदत हवी आहे: रक्त चढवताना रिअ‍ॅक्शन आली तर काय करायचं, हे वॉर्ड स्टाफला कसं शिकवावं? (सोलापूर)

सिस्टर_इन्चार्ज
५० खाटांचं खासगी रुग्णालय, स्वतःची रक्तपेढी नाही. पिशवी बाहेरून येते, बहुतेक वेळा नातेवाईकच आणतात. तीन शिफ्टमध्ये २६ नर्सेस, त्यातल्या निम्म्या अगदी नव्या. रिअ‍ॅक्शनचा तक्ता भिंतीवर आहे आणि लक्षणं सगळ्यांना पाठ आहेत. तरी थंडी-ताप आला की एव्हिल-डेक्सा (अ‍ॅलर्जीचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन) देऊन तीच पिशवी पुढे चालू ठेवली जाते. सेट काढायचा की नाही, संपलेली पिशवी कुठे ठेवायची, इथेही गोंधळ होतो. ट्रेनिंगला एका बॅचमागे एकच तास मिळतो. त्यात काय घ्यावं?

रक्तपेढी_तंत्रज्ञ
सिस्टर, तो तास स्लाइडवर घालवू नका, खाटेपाशी घ्या. सलाइनच्या बाटलीत खायचा लाल रंग कालवा (कुंकू नको, फिल्टर चोंदतो), बीटी सेट (रक्त चढवायची नळी) लावा, एकीला पेशंट म्हणून झोपवा. तिने "थंडी वाजतेय" म्हटलं की घड्याळ लावा.

पहिली कृती क्लॅम्प बंद करणं. डॉक्टरांना फोन त्यानंतर. मग बीटी सेट कॅन्युलापासूनच (शिरेत बसवलेल्या नळीपासून) काढायचा आणि नव्या सेटने नॉर्मल सलाइन सुरू करायचं. सगळ्यात जास्त चूक इथे होते. जुन्याच सेटला सलाइन जोडलं, तर नळीत आणि चेंबरमध्ये उरलेलं रक्त पेशंटच्या अंगात ढकललं जातं. गट चुकलेला असेल तर थोडंसं रक्तही घातक ठरतं. कॅन्युला मात्र काढू नका, बीपी पडल्यावर शीर सापडत नाही. आरएल (रिंगर लॅक्टेट) किंवा डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) चालणार नाही. आरएलमधल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होतात, डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात.

यानंतर पिशवीवरचा नंबर, गट, क्रॉसमॅचचा (पेशंटशी रक्त जुळवून बघितल्याचा) कागद आणि पेशंटचं नाव खाटेपाशीच पुन्हा ताडून बघायचं. "तुम्ही शांताबाई ना?" असं कधीच विचारू नये, गुंगीतला पेशंट कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा. घोळ सापडला तर लगेच रक्तपेढीला कळवा, कारण दुसऱ्या पेशंटची पिशवीही चुकीच्या खाटेकडे निघालेली असू शकते.

आमच्याकडे पाठवायचं ते असं: क्लॅम्प लावलेल्या सेटसकट पिशवी, दुसऱ्या हातातून घेतलेलं एक ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या ट्यूबमधलं) आणि एक साधं सॅम्पल, आणि रिअ‍ॅक्शननंतरची पहिली लघवी. सॅम्पल बारीक सुईने जोरात ओढू नका, तिथेच पेशी फुटल्या तर आमचा निष्कर्ष चुकतो. पिशवी कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत गेली की तपास तिथेच थांबतो. मावशींनाही या तासाला बसवा, बादलीपर्यंत पिशवी त्याच नेतात.

भूलतज्ज्ञ_सोलापूर
वरच्यात भर. सुरुवात मिनिटाला २० थेंबांनी करा. २० थेंबांना १ मिली देणारा सेट असेल (पाकिटावर बघा), तर पहिल्या १५ मिनिटांत १५ मिलीच जातं. ही १५ मिनिटं नर्सने खाट सोडायची नाही. म्हणून शिफ्ट बदलायच्या अर्ध्या तासात पिशवी लावू नका आणि तातडी नसेल तर रात्री लावूच नका.

दम लागला तर बीपी बघा. बीपी चढलंय, मानेच्या शिरा फुगल्यात, तर पाण्याचा भार झालाय. पेशंटला बसवा, ऑक्सिजन द्या. डॉक्टर लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) सांगतील. तीव्र अ‍ॅनिमियाची गरोदर बाई आणि डायलिसिसचा पेशंट यांत हे जास्त होतं. त्यांना मिनिटाला २४-२५ थेंब पुरेत, पिशवी ४ तासांत संपते. दम लागलाय पण बीपी पडलंय आणि तापही आहे, तर ६ तासांच्या आतली ट्राली (TRALI, चढवलेल्या रक्तामुळे फुप्फुसाला झालेली इजा) असू शकते. तिथे लॅसिक्सने बीपी आणखी पडेल. घशात घरघर आणि बीपी कोसळतंय, तर अ‍ॅड्रेनालिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, मोठ्या माणसाला. ते ट्रॉलीत वरच्याच कप्प्यात ठेवा.

भूल दिलेला पेशंट बोलत नाही. अचानक पडलेलं बीपी, जखमेतून झिरपणारं रक्त आणि युरोबॅगमधली लाल लघवी एवढ्याच खुणा दिसतात.

सिस्टर_इन्चार्ज
दोघांचे आभार. दोन शंका. एव्हिल देऊन तीच पिशवी चालू ठेवणं कधीच चालत नाही का? आणि आमचे कितीतरी पेशंट तेलुगू किंवा कानडी बोलतात. नव्या मुलींना त्यांचं काही कळत नाही.

रक्तपेढी_तंत्रज्ञ
फक्त अंगावर गांधी उठल्या असतील, ताप, दम, बीपीत फरक काहीच नसेल, तरच थांबवून औषध द्यायचं. गांधी बसल्यावर डॉक्टरांच्या लेखी सूचनेने तीच पिशवी हळू चालू करता येते, ४ तासांची मुदत मात्र वाढत नाही. तापात हे चालणार नाही. तापमान ३८ अंशांवर गेलं आणि आधीपेक्षा १ अंशाने वाढलं, तर साधा ताप, चुकीचा गट की जंतुसंसर्ग हे खाटेपाशी कळत नाही. प्लेटलेट २०-२४ अंशांवर ठेवलेल्या असतात, त्यांत जंतू लवकर वाढतात. तिथे पेशंटचं ब्लड कल्चरही घ्या.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पिशवी थर्मोकोलच्या डब्यातूनच यावी, मिळाल्यापासून ३० मिनिटांत लागावी. उशीर होणार असेल तर परत पाठवा, इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. गरम पाण्याच्या बादलीत तर बुडवूच नका, पेशी फुटतात.

वॉर्ड_नर्स_अक्कलकोट_रोड
ताई, भाषेचं सोपं आहे. थंडीला तेलुगूत 'चलि', कानडीत 'चळि'. खाजेला 'दुरद' आणि 'तुरिके'. कंबरदुखीला 'नडुमु नोप्पि' आणि 'सोंट नोवु'. कंबरदुखी नक्की शिकवा, गट चुकला की पेशंट कंबर धरतो आणि नव्या मुली खाट टोचत असेल म्हणून उशी देतात. हे सहा शब्द व्हायटल्सच्या (बीपी, नाडी, तापाच्या नोंदीच्या) कागदावरच छापून घ्या. पेशंटलाही आधी सांगून ठेवा, यातलं काही झालं तर लगेच हाक मारा.

रक्तपेढी_तंत्रज्ञ
छान सुचवलंत. सिस्टर, रिअ‍ॅक्शनचा फॉर्मही त्याच फाइलला लावून ठेवा. अशा त्रासांच्या नोंदी ठेवणारा हेमोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया १० डिसेंबर २०१२ पासून चालू आहे, काम नोएडाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्सकडून होतं. फॉर्म भरला म्हणून नर्सवर कारवाई होत नाही, हे ट्रेनिंगच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. भीतीपोटी "थोडा ताप होता, उतरला" एवढंच लिहिलं जातं आणि पिशवी आमच्यापर्यंत येतच नाही.