कुत्र्याच्या खाण्याचे सेटलमेंटचे पैसे नागपुरात बसून क्लेम करता येतात का?

बर्डीवाला_पोट्टा
नमस्कार मंडळी. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रतापनगरला आम्ही मित्र रूम करून राहतो अन् आमच्यासोबत शेरू राहतो, गल्लीतलंच पिल्लू होतं, आता पूर्ण घरचं झालं. मागच्या महिन्यात डॉग फूडची नवीन बॅग आणली, ब्रँड नेहमीचाच, पण ती फोडल्यापासून शेरूला उलट्या अन् पातळ संडास सुरू झाली, सलाईन लावावी लागली. आता तो बरा आहे पण डॉक्टर अन् औषधात आमचे मेसचे पैसे गेले. गल्लीतल्या आणखी दोन घरच्या कुत्र्यांना पण तसंच झालं, त्यांनी पण त्याच दुकानातून बॅग आणली होती.

आता मुद्दा असा की माझा मावसभाऊ अमेरिकेत शिकून राहिला, तो म्हणे तिकडे पेट फूडच्या कंपन्यांवर क्लास अ‍ॅक्शन होते, म्हणजे खूप ग्राहकांची मिळून एकच केस, अन् कंपनीने सेटलमेंट म्हणजे तडजोड केली की फॉर्म भरून पैसे येतात, बिल नसलं तरी थोडेफार मिळतात. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरून राहिला की भारतातले लोकं पण क्लेम करू शकतात, ४९९ रुपये प्रोसेसिंग फी, आधार अन् बँक डिटेल द्या, बाकी आम्ही करतो. हे खरं आहे का? अन् नसेल तर आमचे पैसे परत मिळायचा इथे काही रस्ता आहे का? विद्यार्थी आहे, वकील लावणं जमणार नाही.

धरमपेठ_ते_टेक्सास
भाऊ सगळ्यात आधी ते ४९९ देऊ नको अन् आधार तर अजिबातच नको. खऱ्या सेटलमेंटमध्ये क्लेम भरायला एक पैसा लागत नाही, फॉर्म तुझा तूच भरतो. कोर्टाच्या मंजुरीने एक सेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमलेला असतो, त्याची वेबसाइट असते, त्यावर केस नंबर, कोर्टाचं नाव, शेवटची तारीख सगळं लिहिलेलं असतं. अन् वकिलांची फी त्या फंडातून किंवा कंपनीकडून जाते, तीही कोर्टाने मंजूर केल्यावर. आधी पैसे मागितले की समजून घ्यायचं.

दुसरं, तिकडचे पैसे तिकडे घेतलेल्या मालाचे. प्रत्येक सेटलमेंटमध्ये 'क्लास' कोण ते लिहिलेलं असतं, म्हणजे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अमेरिकेत हा माल विकत घेतलेले लोकं. नागपुरात बर्डीत घेतलेली बॅग त्यात बसत नाही, नाव सारखं असलं तरी.

तुझा मावसभाऊ म्हणतो ते खोटं नाही पण. २००७ मध्ये मेनू फूड्स या पेट फूड बनवणाऱ्या कंपनीचं मोठं प्रकरण झालं होतं, चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन निघालं अन् कुत्र्या-मांजरांच्या किडन्या गेल्या, खूप जनावरं मेली. त्यात २ कोटी ४० लाख डॉलरचा फंड झाला, अमेरिका अन् कॅनडा दोन्हीकडच्या लोकांसाठी. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना पूर्ण खर्च मागता येत होता अन् ज्यांच्याकडे नव्हते त्यांना जास्तीत जास्त ९०० डॉलरपर्यंत. मग २०१९ ला हिल्सने डब्यातलं डॉग फूड परत बोलावलं कारण व्हिटॅमिन डी प्रमाणाबाहेर गेलं होतं, त्याचं सेटलमेंट १ कोटी २५ लाख डॉलरचं झालं. सेरेस्टोच्या पिसवा मारायच्या गळ्यातल्या पट्ट्याचं तर १ कोटी ५० लाख डॉलरचं. आकडे मोठे वाटतात पण वाटून घेणारे खूप असतात, बिल नसलेल्याच्या हातात बऱ्याचदा पिझ्झापुरतेच येतात.

भावाला हे सांग: तो विद्यार्थी व्हिसावर आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, हक्क खरेदीवरून ठरतो, व्हिसावरून नाही, अन् ही काही कमाई नाही, आपल्याच खर्चाची भरपाई आहे. पण फॉर्मवर शपथेवर सही असते, न घेतलेला माल घेतला असं लिहायचं नाही. जुन्या ऑर्डर ईमेलमध्ये शोधल्या तर सापडतात. अन् आम्ही पोरं दर वर्षी घर बदलतो, पैसे यायला कधी वर्ष पण लागतं, तेव्हा पत्ता बदलला की अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला कळवायचं नाहीतर चेक जुन्या घरी जाऊन पडतो.

वकिलीचं_शेवटचं_वर्ष
अमेरिकेचं वर सांगितलंच आहे, मी इथलं सांगते कारण तुझं खरं काम इथेच आहे.

आपल्याकडे तसा तयार फंड अन् फॉर्म नसतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५(१)(क) मध्ये एकाने सगळ्यांच्या वतीने तक्रार करायची सोय आहे, पण ग्राहक आयोगाची परवानगी लागते अन् सगळ्यांचं हित एकसारखं आहे हे दाखवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये बंगळुरूच्या फ्लॅटवाल्यांच्या केसमध्ये हे चांगलंच ताणून तपासलं, अन् म्हटलं की थोड्या लोकांनी मिळून संयुक्त तक्रार करा, ती चालते, पण सगळ्यांच्या वतीने म्हणायचं तर तसा पुरावा पायजे. मॅगीच्या वेळी तर केंद्र सरकार स्वतः राष्ट्रीय आयोगात गेलं होतं, २०१५ मध्ये, जवळपास ६४० कोटी मागितले अन् २०२४ मध्ये ती तक्रार फेटाळली गेली. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, तीन घरं आहात तर तिघांची संयुक्त तक्रार करा, अख्ख्या देशाच्या वतीने लढायला जाऊ नका.

पैशाचं टेन्शन घेऊ नको. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य आहे. वकील लागतच नाही, स्वतः उभं राहता येतं. तू नागपुरात राहतो तर तक्रार इथल्याच जिल्हा आयोगात, सिव्हिल लाइन्सला, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरून भरता येते, परीक्षा चालू असली तरी. मुदत दोन वर्षं आहे पण तेवढं थांबू नका. त्याआधी १९१५ वर फोन करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून घे, काही कंपन्या तिथेच ऐकतात अन् नाही ऐकलं तरी कागद तयार होतो.

मागायचं काय ते पण सांगते, लोकं फक्त बॅगचे पैसे मागून मोकळे होतात. याच कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटी आहे, सदोष मालामुळे तुमच्या दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर भरपाई. शेरूला मालमत्ता म्हणायला मला पण कसंतरी वाटतं, पण कायद्याच्या हिशोबाने त्याच्या उपचाराचा खर्च त्यातच बसतो, अन् त्यातून झालेला मानसिक त्रास पण मागता येतो.

सेमिनरी_हिल्स_व्हेट
मी वेटरनरी कॉलेजला आहे. वरचं सगळं बरोबर आहे पण केस उभी राहील ती कागदांवर अन् सॅम्पलवर, म्हणून माझं ऐकून घे.

उरलेलं खाणं त्याच बॅगेत राहू दे, डब्यात काढू नको, बॅग घट्ट बांधून कोरड्या जागी ठेव, नागपूरच्या उन्हात गॅलरीत तर बिलकुल नको कारण उद्या कंपनी हेच म्हणेल की तुम्ही नीट ठेवलं नाही. शक्य असलं तर एक भाग वेगळा सील करून ठेव. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी, सगळ्याचे स्पष्ट फोटो. डॉक्टरकडून केसपेपर घे अन् त्यात काय खाल्लं, कधीपासून त्रास, हे लिहून माग, नुसतं 'उलटी-जुलाब, सलाईन' असं असेल तर उपयोग नाही. उलट्या तर जंतांनी पण होतात, पार्व्हो व्हायरसने पण होतात, तेव्हा ब्लड रिपोर्ट असेल तर तो जपून ठेव. तीन घरची कुत्री, बॅच एक, लक्षणं एक, हे सगळ्यात मजबूत आहे तुमचं.

अन् एक, लोकं अशा वेळी एफडीएकडे नाहीतर एफएसएसएआयकडे, म्हणजे माणसांच्या खाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यांकडे धावतात. तिकडे काम होणार नाही, अन्न सुरक्षा कायद्यातल्या 'अन्न' शब्दातून जनावरांचं खाद्य बाहेर ठेवलेलं आहे. कुत्र्या-मांजरांच्या खाण्यासाठी बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो) मानक आहे, आयएस ११९६८, तक्रारीत त्याचा उल्लेख करा. लॅबमध्ये तपासायला पाठवायचा अधिकार आयोगाला आहे.

बर्डीवाला_पोट्टा
खूप मदत झाली सगळ्यांची, मनापासून. तो मेसेज पाठवणारा नंबर मी ब्लॉक करून रिपोर्ट केला अन् ग्रुपवर पण सांगितलं. बॅग आहे, अर्धी भरलेली, रूमच्या कपाटात ठेवली. पण अडचण अशी की दुकानदाराने पक्कं बिल दिलं नव्हतं अन् पैसे बाबांच्या फोनवरून यूपीआयने गेले, बाबा वर्ध्याला असतात. मग ग्राहक मी की बाबा?

वकिलीचं_शेवटचं_वर्ष
दोघंही चालतात. विकत घेणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने तो माल वापरणारा पण कायद्याने ग्राहकच आहे, तेव्हा तक्रार तू करू शकतो, बाबांचं एक साधं पत्र जोडून घे. यूपीआयचा व्यवहार बँक स्टेटमेंटमधून काढ, त्यात दुकानाचं नाव अन् तारीख येते. शिवाय दुकानात जाऊन बिल माग, शांतपणे, भांडू नको, उद्या तोच माणूस साक्षीला लागू शकतो. तक्रारीत दुकानदार अन् उत्पादक दोघांनाही विरुद्ध पार्टी करा. अन् लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत ब्रँडचं नाव इथे किंवा इन्स्टावर टाकू नका कोणी.

कायद्यात लिहिलंय तीन महिन्यांत निकाल, लॅब तपासणी असेल तर पाच महिने. प्रत्यक्षात जास्त लागतो, ते मनाची तयारी करूनच भरा.

गोपालनगरची_काकू
अरे बाळा, आमच्या ब्रूनोला पण मागच्या पंधरवड्यात असंच झालं, आम्हाला वाटलं उन्हामुळे. दुकान बहुतेक तेच असावं. बॅच नंबर कुठे पाहायचा असतो? बॅग अजून आहे घरी.

बर्डीवाला_पोट्टा
काकू, बॅगच्या मागे खालच्या शिवणीजवळ काळ्या शाईत छापलेला असतो, तारखेच्या बाजूला. फोटो काढून मला मेसेज करा, मी माझ्या बॅगशी जुळवून सांगतो. ब्रूनोला ते खाऊ घालू नका अन् बॅग फेकू पण नका, दुकानात बदलून पण घेऊ नका. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर ती पण काढून ठेवा. बॅच तीच निघाली तर तुम्ही पण सोबत या, रविवारी संध्याकाळी आमच्या रूमवर सगळे बसून तक्रार लिहून राहिलो.