जुन्या भावगीतांवरून मुलींच्या सरावासाठी ट्रॅक करायचेत, काय वापरावं?

लष्करची पेटी
नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागात राहते. गणेशोत्सवात आमच्या पाच मुली (वय 10 ते 13) भावगीतं म्हणणार आहेत. रविवारी सगळ्या माझ्याकडे बसतात, पण बाकी आठवडा प्रत्येकीने घरीच म्हणायचं, आणि तबलजी रोज कुठून आणायचा? म्हणून गाण्यातला आवाज काढून ट्रॅक करायला घेतले. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'व्होकल रिडक्शन' हा इफेक्ट लावला, तर एका गाण्यात गायिकेबरोबर डग्गाही (तबल्याचा डावा) गेला आणि तिचा आवाज मागे कुठेतरी घुमत राहिला. दुसऱ्यात काहीच उरलं नाही, नुसती शांतता! शिवाय गाणी काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी) या पट्टीत आहेत. तार सप्तकात मुलींचे गळे ताणतात, पांढरी पाचमध्ये छान म्हणतात. लॅपटॉप साधाच आहे.

इंदूरचा कानसेन
ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. डाव्या-उजव्या बाजूंत जे सारखं असेल ते हा इफेक्ट वजा करतो. गायिका मधोमध असते म्हणून जाते, पण डग्गाही बहुतेकदा मधोमधच असतो. मागे घुमतो तो आवाजावरचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. तो दोन्हीकडे वेगवेगळा पसरलेला असतो, म्हणून उरतो. दुसरं गाणं मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं, असणार. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या, मग वजा करून उरणार काय?

'अल्टिमेट व्होकल रिमूव्हर' हे आवाज आणि साथ वेगळी करणारं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे आणि मोनोवरही चालतं. साध्या लॅपटॉपवर वेळ खातं. लावून द्या आणि स्वयंपाकाला लागा. मात्र पेटी किंवा व्हायोलिन गायिकेच्या मागोमाग चालत असेल, तर त्यांचे तुकडे आवाजाबरोबर जातात. तेवढं चालवून घ्यावं लागतं.

पट्टीचं सोपं आहे. काळी पाच ते पांढरी पाच म्हणजे तीन अर्धस्वर (सेमीटोन) खाली. ऑडॅसिटीच्या 'चेंज पिच'मध्ये उणे 3 लिहा आणि उच्च दर्जाच्या स्ट्रेचिंगची खूण करा. 'चेंज स्पीड'ला हात लावू नका, त्याने लयही उतरते. जुन्या तबकड्यांवरची गाणी कधी कधी दोन पट्ट्यांच्या मधेच बसतात. तिथे तानपुरा लावून कानाने जुळवा, उणे 2.6 असा आकडाही चालतो.

तंबोरा आणि मी
मी बडोद्याला मुलांना गाणं शिकवते. ताई, माझं कळकळीचं सांगणं आहे, आवाज पूर्ण काढून टाकू नका. नुसत्या साथीवर या वयाची मुलं चुकीची जागा घोटून घोटून पक्की करतात, मग ती मोडायला महिना जातो.

मी असं करते. आवाज आणि साथ वेगळी झाली की दोन्ही ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवायची. एक ओळ दोन्ही ट्रॅकवर मिळून निवडायची, समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) समेपर्यंत, आणि तिची प्रत लगेच पुढे चिकटवायची. प्रतीतला आवाज बंद करायचा. म्हणजे गायिका ओळ म्हणते, पुढच्या फेरीत ठेका तसाच चालू राहतो आणि मुलगी तीच ओळ म्हणते. अगदी समोर बसून शिकवल्यासारखं. केरव्याची (8 मात्रांच्या तालाची) ओळ दोन आवर्तनांची असेल तर पूर्ण 16 मात्रा घ्या. अर्धी मात्रा जरी सुटली तरी ठेका लंगडतो.

जोडावर 'टक्' ऐकू आलं तर कापण्याआधी झेड दाबा, निवडीची टोकं शून्यावर सरकतात. आणि मधलं सगळं काम वेव्ह (WAV) फाइलमध्येच ठेवा. एमपी3 मध्ये सुरुवातीला बारीकशी शांतता भरली जाते, फेरी फिरवली की दर वेळी उचकी लागते.

लष्करची पेटी
मनापासून आभार! एका गाण्याचा मुखडा तसा करून पाहिला. धाकटीला तिसऱ्या ओळीतली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) दोन रविवार सापडत नव्हती. 'चेंज टेंपो'ने तेवढीच ओळ 20 टक्के संथ केली आणि सात-आठ फेऱ्यांत तिला ती मिळाली. अंतऱ्यात व्हायोलिन फाटतंय, तिथे मीच पेटी वाजवून रेकॉर्ड करू का?

तंबोरा आणि मी
जरूर करा. फक्त पट्टी बदलल्यावर, तोच ट्रॅक हेडफोनवर ऐकत वाजवा. पेटीला पट्टीचे मधले आकडे जमत नाहीत, म्हणून त्या गाण्याची पट्टी आधी पेटीशीच जुळवून घ्या.