गणपतराव देशमुखांचे अकरा विजय : तक्ता जुळत नाही

प्रश्न – वाचनालय_सोलापूर

30 जुलैला सांगोल्याचे (जि. सोलापूर) माजी आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, यांचा स्मृतिदिन. त्यानिमित्त वाचनालयात त्यांच्या कारकिर्दीचा मोठा फलक लावायचा आहे. निवडणूक आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालांतून मोजलं की सांगोल्यातले त्यांचे विजय दहाच भरतात, सगळीकडे मात्र अकरा लिहिलेले असतात. कोणी 'देशातला विक्रम' म्हणतं, कोणी '55 वर्षे आमदार'. मंत्रिपदाच्या तारखांचाही गोंधळ आहे. एकदा छापल्यावर फलक बदलता येणार नाही. नेमकं काय लिहावं?

उत्तर – माणकाठ

अकराच बरोबर. तुमचा सुटलेला विजय 1974 च्या पोटनिवडणुकीतला आहे. 1972 ला सांगोल्यात आबा हरले, पण निवडून आलेल्या आमदारांचं निधन झालं आणि पोटनिवडणुकीत आबा परत आले. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक येत नाही, म्हणून दहावरच अडायला होतं. सुशीलकुमार शिंदे पहिल्यांदा विधानसभेत आले तेही करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून, त्यामुळे त्यांचा तक्ता केलात तरी हीच चूक होईल.

विजय : 1962, 1967, 1974 (पोटनिवडणूक), 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009, 2014.
पराभव : 1972 आणि 1995.

म्हणजे तेरा लढती, अकरा विजय, सगळ्या सांगोल्यातून आणि सगळ्या शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप). 1995 चा पराभव फक्त 192 मतांचा, शहाजीबापू पाटलांकडून. 2019 ला 768 मतांनी झालेला पराभव बरेच जण आबांच्या खात्यावर टाकतात, तो त्यांचा नाही. त्या वेळी ते उभेच नव्हते, नातू अनिकेत उभे होते. समोर शहाजीबापूच होते, म्हणून घोटाळा होतो.

अहवाल चाळताना उमेदवाराच्या नावाने शोधू नका. इंग्रजी स्पेलिंग आणि आद्याक्षरं दर वेळी वेगळी सापडतात. मतदारसंघाचं नाव धरा. क्रमांकही धरू नका, मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर 2009 पासून सांगोला 253 झाला, त्याआधीचा क्रमांक वेगळा होता.

उत्तर – जुने_कात्रण

'देशातला विक्रम' कृपा करून छापू नका. केरळात के. एम. मणी पाला मतदारसंघातून 13 वेळा आले, ओमन चंडी पुथुपल्लीतून 12 वेळा. तमिळनाडूत करुणानिधी 13 वेळा, पण मतदारसंघ बदलून. अकरा हा महाराष्ट्रातला विक्रम आहे, तेवढं लिहिलं तरी भरपूर झालं. खोट्या विशेषणाने आबांचं मोठेपण वाढत नाही, उलट एखादा जाणकार वाचक तेवढ्या एका ओळीवरून अख्ख्या फलकावर शंका घेईल.

वर्षांचा हिशेब असा : 1962 ते 72 दहा, 1974 ते 95 साधारण एकवीस, 1999 ते 2019 वीस. बेरीज 51 च्या आसपास. त्यातही 1980 मध्ये विधानसभा बरखास्त होती ते काही महिने वजा होतात. 55 चा आकडा मधल्या पराभवांची वर्षं पुरती न वगळता काढलेला दिसतो. 'सुमारे 50 वर्षे' लिहा, कोणी बोट ठेवणार नाही.

उत्तर – टेंभूचं_पाणी

मंत्रिपदं दोनदा, दोन्ही आघाडी सरकारांत. पहिलं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार : 18 जुलै 1978 ला आलं, 17 फेब्रुवारी 1980 ला राष्ट्रपती राजवट लागली. '1978 ते 83' असं कुठे दिसलं तर सरळ खोडा. दुसरं विलासराव देशमुखांचं, ऑक्टोबर 1999 पासून. जून 2002 मध्ये शेकापने पाठिंबा काढला, त्यामुळे विलासराव जानेवारी 2003 पर्यंत मुख्यमंत्री होते म्हणून आबांचं मंत्रिपदही तिथवर ओढू नका. खाती लिहायची असतील तर राजपत्रातली खातेवाटपाची अधिसूचना बघा. पुरवणी अधिसूचनाही चाळा, कारण खाती मध्येच बदलतात.

पण माझं म्हणणं असं की फलकावर मंत्रिपदांना दोन ओळी पुरेत. जास्त जागा पाण्याला द्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आबांनी 1993 पासून आटपाडीच्या पाणी परिषदा लावून धरल्या. मागणी कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची होती. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि फेरविचाराची मुदत होती 31 मे 2000. तोवर धरणं झाली नाहीत तर हक्काचं पाणी जाईल, ही सगळ्यांची धास्ती. त्या रेट्यातच 1996 ला कृष्णा खोरे विकास महामंडळ उभं राहिलं. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलते, ते टप्प्याटप्प्याने वर चढवत खानापूर-आटपाडी करत सांगोल्याकडे आणते. सांगोला शेवटच्या टोकाला, त्यामुळे वरच्या तालुक्यांत पाणी मुरलं की खाली कमी येतं. शेपटाकडचा आमदार असल्याने आबांना प्रत्येक आवर्तनासाठी (पाणी सोडण्याच्या फेरीसाठी) का भांडावं लागायचं, ते नुसत्या नकाशावरून कळतं. फलकावर तो नकाशा काढाच.

वाचनालय_सोलापूर

तिघांचेही आभार. तक्ता तेरा ओळींचा करतो, पराभवांसकट. 'देशातला' काढून 'महाराष्ट्रातला' केलं. नकाशासाठी उजवीकडचा अर्धा फलक मोकळा ठेवलाय.