योगा केल्यावर खरंच अभ्यासात लक्ष लागतं का?

कृष्णाकाठ_२१ :
मंडळी, मी सांगलीत बीएस्सी लास्ट इयरला आहे, विश्रामबागला रूमवर राहतो. सेमिस्टर महिन्यावर आलीय आणि पुस्तक उघडलं की वीस मिनिटांत हात मोबाईलकडे जातोच, मग रील्स बघता बघता तास कधी गेला कळत नाही. आई म्हणते पहाटे उठून योगा कर, रूममेट म्हणतो त्यापेक्षा झोप. कॉलेजात असताना कुणी रेग्युलर केलंय का? मी आत्तापर्यंत फक्त २१ जूनला ग्राउंडवर केलाय, तो पण हजेरीसाठी.

भडंग_स्पेशल :
रूममेटचं ऐक. मी दोनपर्यंत जागून पाचला उठून सूर्यनमस्कार घालायचो आणि पहिल्या लेक्चरला पेंगायचो. लई शहाणपणा केला होता राव.

मिरजेची_ताई :
झोप मोडून करू नकोच, पण पहाटेच करायला पाहिजे असं कुणी सांगितलं? अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कॉलेजच्या ३० मुलींवर एक प्रयोग झाला होता, २०१३ ला छापून आला. एकदा २० मिनिटं हठयोग आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ ट्रेडमिल, आणि लगेच लक्षाच्या नि स्मरणाच्या टेस्ट. योगानंतर मुलींची उत्तरं जास्त फास्ट आणि जास्त बरोबर आली. पण टेस्ट लगेच घेतल्या होत्या हे विसरू नको, त्यावरून सेमिस्टरचे मार्क वाढतील असं काही निघत नाही. म्हणून मी अभ्यासाला बसायच्या आधीच करायचे, थोडी आसनं आणि मग पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. परीक्षेची धडधड तरी खाली बसते.
आणि पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरं नि धारणा, म्हणजे मन एका जागी टिकवणं, सहावी; मध्ये प्राणायाम आणि प्रत्याहार आहेत. प्रत्याहार म्हणजे इंद्रियं विषयांपासून मागे घेणं, तुझ्या बाबतीत मोबाईल दुसऱ्या खोलीत. ती पायरी गाळून नुसतं ताडासन करून काय होणार बाळा?

शंकासुर :
ताई, ३० म्हणजे फारच कमी पोरी झाल्या की. शिवाय आपण योगा केलाय हे करणाऱ्याला माहितीच असतं, औषधाच्या चाचणीत देतात तशी खोटी गोळी देऊन इथं तुलना करता येत नाही, त्यामुळं फायदा आसनाचा का मनाच्या समजुतीचा हे सांगणं अवघड. मी रोज संध्याकाळी आयर्विन पुलावरून सांगलीवाडीपर्यंत चालून येतो, आल्यावर दीड तास गणितं सुटतात.

मिरजेची_ताई :
मान्य. चालून सुटत असतील तर चाल की, मी कुठं अडवलंय. फक्त कानात हेडफोन घालून चालू नकोस.

भडंग_स्पेशल :
त्राटक कुणी केलंय का? हठप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथातल्या षट्कर्मांत, म्हणजे सहा शुद्धिक्रियांत, आहे म्हणे, मेणबत्तीकडे एकटक बघायचं.

मिरजेची_ताई :
केलंय, पण शिकवणाऱ्यासमोर. नजर पळाली की परत ज्योतीवर आणायची, खरी मेहनत त्या परत आणण्यातच आहे. डोळ्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचार.

कृष्णाकाठ_२१ :
ताई थँक्यू, उद्या संध्याकाळी अभ्यासाआधी वीस मिनिटं करून बघतो. पण मोबाईल रूममेटकडे ठेवला तर तो माझाच नेटपॅक संपवणार, त्यावर काय आसन आहे का?