उत्तर: लिटल वॉल्टरचा आवाज नुसता मायक्रोफोनचा?

वर कुणीतरी म्हटलंय की लिटल वॉल्टर या अमेरिकन ब्लूज हार्मोनिकावादकाची (हार्मोनिका म्हणजे माउथ ऑर्गन) सगळी जादू माइक आणि अँपची, म्हणजे अँप्लिफायरची. अर्धंच पटलं. त्याची १९५२ ची धून 'ज्यूक' हेडफोन लावून ऐका. माइक हातांच्या ओंजळीत घट्ट धरल्याने आवाज जाड होतो हे खरंच, पण त्याखाली जिभेचं काम आहे. चार भोकं तोंडात घ्यायची, मधली दोन जिभेने झाकायची, दोन्ही कडांनी एकच स्वर दोन सप्तकांत वाजतो. जीभ उचलून पुन्हा आपटली की स्वराआधी सगळ्या भोकांचा 'छक्' येतो. ओठ आवळून एकेक भोक वाजवणाऱ्याला हे जमत नाही.

दुसरं, तिसऱ्या भोकाचा बेंड, म्हणजे स्वर वाकवून खाली आणणं. सी पट्टीची हार्मोनिका जी हा षड्ज धरून वाजवताना तिथे श्वास ओढला की शुद्ध गंधार मिळतो, घशाने जरा खाली खेचला की कोमल. ब्लूजवाले या दोघांच्या मधेच रेंगाळतात, आपल्या मींडेसारखे. मला तो मधला स्वर स्थिर धरायला वर्ष लागलं, आणि अजून थंडीत घसरतो!

ओव्हरब्लो (विशिष्ट तऱ्हेने फुंकून भोकात एरवी नसलेला वरचा स्वर काढणं) मात्र इथे शोधू नका, ते हॉवर्ड लेवी या हार्मोनिकावादकाने बरंच नंतर रुजवलेलं प्रकरण.