पडताळणी फसली की जोडलेल्या फायली पुन्हा का मागायच्या?

धागाकर्ता

परवा भाचीचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरताना फोटो, सही, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका अशा चार फायली जोडल्या. मर्यादा २०० केबीची असल्याने प्रत्येक फाइल आधी खटपट करून लहान केली होती. पिनकोडात एक आकडा कमी पडला आणि पान परत आले. नाव, पत्ता, टक्केवारी सगळे जागच्या जागी होते, मात्र फायलींचे चारही रकाने रिकामे. दुसऱ्या खेपेला घाईत मी गुणपत्रिकेच्या जागी दाखला जोडला, हे अर्ज गेल्यावर लक्षात आले.

मी स्वतः फॉर्म बनवण्याचेच काम करतो. फाइलचा रकाना सर्व्हरला पुन्हा भरून देता येत नाही आणि ती बंदी योग्यच आहे, कारण नाहीतर कोणत्याही संकेतस्थळाने लपवलेल्या रकान्यात पाथ (फाइलचा पत्ता) लिहून आपल्या संगणकावरची फाइल उचलली असती. पण सर्व्हरवर पोहोचलेली फाइल आपण हलवली नाही तर पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा) ती फाइल फॉर्म पाठवण्याची विनंती संपताच पुसून टाकते, आणि हा आपला आळस आपण ‘तांत्रिक मर्यादा’ म्हणून खपवतो. योग्य ठरलेली फाइल तात्पुरत्या फोल्डरात हलवावी, तिचे टोकन (ती ओळखण्याची खूण) फॉर्ममध्ये ठेवावे आणि रकान्याशेजारी ‘गुणपत्रिका मिळाली आहे’ असे दाखवावे, असे माझे मत आहे. रेल्स या वेब-फ्रेमवर्कसाठीच्या कॅरियरवेव्ह या फायली चढवण्याच्या लायब्ररीमध्ये ही सोय पूर्वीपासून आहे.

प्रतिसाद १

असहमत. अर्ज सादर झाला नाही, म्हणजे त्या माणसाने आपली कागदपत्रे अजून दिलेलीच नाहीत. तो कंटाळून निघून गेला, तर त्याचा उत्पन्नाचा दाखला तुमच्या डिस्कवर कोणत्या अधिकाराने पडून राहणार? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेतू संपल्यावर माहिती पुसण्याची अपेक्षा ठेवतो. असली तात्पुरती फोल्डरे मी निस्तरली आहेत: साफसफाईचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) लिहिलेला असतो, सर्व्हर बदलताना तो मागे राहतो आणि डिस्क भरली की मग सगळ्यांना त्याची आठवण होते. शिवाय टोकन क्रमाने वाढणारा आकडा असेल, तर शेजारच्याची गुणपत्रिका आपल्या अर्जाला लागायला वेळ लागत नाही.

त्यापेक्षा पान रीलोडच करू नये. फॉर्म फेचने (पान न बदलता माहिती पाठवण्याच्या ब्राउझरच्या सोयीने) पाठवावा, सर्व्हरने ४२२ (माहितीत चूक असल्याचा संकेतांक) आणि चुकांची यादी परत द्यावी. पान हलले नाही की निवडलेल्या फायलीही हलत नाहीत.

प्रतिसाद २

हे कार्यालयातल्या वायफायवर बसून सुचते. तुमच्या पद्धतीत पिनकोड दुरुस्त केल्यावर चारही फायली पुन्हा पूर्ण वर चढवाव्या लागतात, आणि गावाकडच्या नेटवर दर खेपेला तेवढेच थांबावे लागते. त्याहून वाईट म्हणजे कमी मेमरीच्या फोनवर कागदाचा फोटो काढण्यासाठी कॅमेरा उघडला, की मागचा टॅब बंद होतो आणि परत आल्यावर पान नव्याने उघडते. रीलोड करायचे की नाही हे तिथे तुमच्या हातात नसते.

प्रतिसाद ३

थोडे अवांतर, पण याच दुखण्यातले. पीएचपीत संपूर्ण विनंतीची मर्यादा मूळ सेटिंगनुसार ८ एमबी असते. कोणी कॅमेऱ्याचे मोठे फोटो जसेच्या तसे जोडले आणि ती ओलांडली, तर फायलींबरोबर मजकुराचे रकानेही प्रोग्रामला रिकामे दिसतात, मग ‘नाव भरा, पत्ता भरा’ असे लाल अक्षरांत येते आणि भरणाऱ्याला वाटते की आपणच वेडे. आधी विनंतीचा आकार तपासा. टोकनचा वाद त्यानंतर.

धागाकर्ता

प्रतिसाद १ मधला टोकनचा मुद्दा मान्य. ते यादृच्छिक हवे, सेशनशी (त्याच माणसाच्या चालू भेटीशी) बांधलेले हवे, फाइल वेब फोल्डरच्या बाहेर हवी, आणि मुदत २४ तासांची असून ती फाइल वापरतानाही तपासली जावी, म्हणजे क्रॉन बंद पडला तरी जुने टोकन चालणार नाही. फेचला माझा विरोध नाही, पण तो टोकनच्या जोडीला हवा.

प्रतिसाद १

टोकन चालणार नाही, पण दाखला डिस्कवर राहीलच. क्रॉन बंद पडल्याचे तुम्हाला कोण कळवणार, ते अजून तुम्ही लिहिलेले नाही.