जुडी घाटावरची, वाटण आपलं : कोथिंबिरीच्या सोप्या जेवणांचे अनुभव

कोकणात कोथिंबीर कुठून येते असं कुणालाही विचारा, उत्तर एकच, 'घाटावरून'. चिपळूणला कुंभार्ली उतरून कराडकडची, रत्नागिरीला आंबा घाटातून कोल्हापूरची, सावंतवाडीला आंबोलीतून बेळगावची. पावसाचे चार महिने आपल्याकडे ती टिकतच नाही, मुळाशी पाणी साचलं की कुजते. गणपतीत तर भाव ऐकून माणूस दोन जुड्यांवरून एकीवर येतो. तरी ती नाही असं घर किनारपट्टीवर शोधून सापडणार नाही.

म्हणून हा धागा. तुमच्या घरात कोथिंबिरीच्या जिवावर होणारं, रोजचं, कमी खटपटीचं काय आहे ते लिहा. अट एवढीच, की कोथिंबीर वरून भुरभुरवण्यापुरती नको. ती काढली तर पदार्थ फसला पाहिजे. वाटी-चमच्याचं माप शक्यतो द्या, 'चवीनुसार' लिहून सुटका करून घेऊ नका.

सुरुवात मी करते. आमच्याकडे रविवारी सकाळी दडपे पोहे. कोथिंबिरीची कोवळी डेखं, म्हणजे देठं, अगदी बारीक चिरायची आणि एक वाटी ओलं खोबरं, मीठ, अर्धा चमचा साखर, बारीक चिरलेला कांदा यांच्याबरोबर हाताने चुरायची. खोबऱ्याला आणि कांद्याला पाणी सुटतं, डेखांचा वास त्यात उतरतो. मग चार वाट्या पातळ पोहे, न भिजवता. वरून नारळाचं पाणी शिंपडायचं, लिंबू पिळायचं, हलकं कालवायचं, ताट झाकून वर वरवंटा ठेवायचा. वीस मिनिटं तरी दडपलेले हवेत. शेवटी मोहरी, हिंग, हळद, मिरची, शेंगदाण्यांची फोडणी, मूठभर पानं आणि भाजून चुरलेला पोह्याचा पापड. पापड आधी घालून ठेवणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही.

गुहागरहून

ताई, आमच्याकडे रात्रीचं सोपं जेवण म्हणजे ताकातली उकड. पावसात लाइट गेली, भाजी संपली, पाहुणा आला, तिन्हीला तीच. तांदळाचं पीठ एक वाटी, आंबट ताक दोन वाट्या, पाणी एक वाटी, मीठ, चिमूटभर साखर, सगळं गुठळी न ठेवता कालवून घ्यायचं. कढईत तेल जरा सढळ. मोहरी, हिंग, हळद, सात-आठ ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या, कढीपत्ता. आता खरी गोष्ट. याच फोडणीत अर्ध्या जुडीची डेखं चिरून टाकायची आणि लसूण लालसर होईपर्यंत परतायची. मग कालवलेलं ताक ओतून एका हाताने ढवळत राहायचं. आधी पातळ असतं, मग एकदम आळतं, तिथे हात थांबवायचा नाही. झाकण ठेवून दोन वाफा. पिठाचा कच्चा वास गेला आणि उकड कडेने सुटायला लागली की पानं घालून उतरवायची. ताटलीत घेतल्यावर मध्ये खळगा करून कच्चं तेल. सासूबाई त्यावर लोणच्याचा खार घेतात, मी घेत नाही. कोथिंबीर इतकी चवदार असताना खार कशाला, असं आमचं रोजचं भांडण.

अलिबागजवळून

आमच्या आगरी घरात हिरवं वाटण नसेल तर आई चूल पेटवत नाही. मोठी जुडी डेखांसकट (मुळं तेवढी तोडायची), एक अख्खा लसणीचा गड्डा, बोटाएवढं आलं, आठ-दहा तिखट मिरच्या, मीठ. पाणी जवळजवळ नाहीच. मिक्सरला पाण्याशिवाय फिरत नाही म्हणून लोक पाणी ओततात आणि मग मसाला माशाला धरत नाही. लिंबाचा रस घाला, नाहीतर पाट्यावर वाटा.

हे वाटण ओल्या बोंबलाला. बोंबील साफ करून पोटाकडून उभा चिरायचा, मधला काटा काढायचा, मीठ लावून फळीवर उघडे मांडायचे, वर दुसरी फळी आणि तिच्यावर पाटा. अर्ध्या तासात इतकं पाणी निघतं की नवख्या माणसाला पटत नाही. मग दोन्ही बाजूंनी हिरवं वाटण, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. एक बाजू पुरती कडक झाल्याशिवाय उलटायचा नाही, मोडतो.

उरलेल्या वाटणाचं कालवण. तेलात ठेचलेला लसूण, त्यावर वाटण, तेल सुटेपर्यंत परतायचं, चिंचेचा कोळ आणि पाणी, उकळी आली की बोंबील. चमचा घालायचा नाही, टोप धरून हलवायचा. पाच मिनिटांत खाली. सोबत तांदळाची भाकरी.

मालवणहून

वाचून जरा गंमत वाटली. आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात कुणी कोथिंबीर घातली तर आजी विचारायची, 'तिरफळां घातलंस मां, मगे कोथमीर कित्याक?' आणि तिचं बरोबर होतं. तिरफळ म्हणजे आमच्याकडचा उग्र वासाचा मसाला, त्याचा वास आणि हिरव्या पानांचा वास एका टोपात नांदत नाहीत.

पण अहो, धणे म्हणजे कोण? माशाच्या कढीचं आमचं वाटण धण्यांवरच उभं आहे. एक वाटी ओलं खोबरं, एक मोठा चमचा धणे, सहा-सात बेडगी मिरच्या, पाव चमचा हळद, अर्धा कांदा. धणे आणि मिरच्या गरम पाण्यात थोडा वेळ भिजवायच्या. धणे भाजायचे नाहीत, भाजलेले मटणाला आणि वड्यांबरोबरच्या सागोतीला. माशाला कच्चेच. आणि वाटण इतकं बारीक हवं की बोटांत कण लागता नये, कारण धण्याची टरफलं राहिली तर कढी दाताखाली येते. तिरफळं ठेचून बिया काढून टाकायच्या, वाटायची मुळीच नाहीत. आंबटाला सोलं, म्हणजे आमसुलं.

हिरवी कोथिंबीर आम्ही वापरतो ती सोलकढीत. आणि नारळ फोडायचा कंटाळा आला तर फुटी कढीत, म्हणजे सोलांचं पाणी, मीठ, किंचित साखर, ठेचलेली मिरची, हिंग, कोथिंबीर. गॅस पेटवावाच लागत नाही. मे महिन्यात भात आणि फुटी कढी, बस्स.

(धागा काढणारी : मान्य, मान्य. धणे धाग्यात आले. तिरफळ आणि कोथिंबिरीचा वाद मात्र कुणीतरी पुढे न्या, मजा येतेय.)

वेंगुर्ल्याहून

मालवणवाल्यांशी सहमत. बांगडा आणि तारल्याला पानं नकोत. पण तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्याला हवीतच, आणि शेवटी. तिसऱ्या स्वतःच खारट, मीठ बेताने.

रत्नागिरीहून

मला चिरलेली कोथिंबीर साबणासारखी लागते. लहानपणी घरच्यांना वाटायचं थेरं करतो. पुढे वाचनात आलं, की काही लोकांत वास ओळखणारं एक जनुक, ओआर६ए२, कोथिंबिरीतल्या आल्डिहाइडांना जास्त तीव्रतेने पकडतं, आणि साबणातही त्याच जातीची संयुगं असतात. ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'बरं, मग वाटून घालते.'

आणि खरंच, वाटून शिजवली की मला चालते. आमच्या घरी त्यामुळे कुळथाची पिठी वेगळी होते. लसूण, मिरची आणि कोथिंबीर यांचं वाटण फोडणीत परतायचं, त्यावर तीन वाट्या पाणी, दोन-तीन आमसुलं, मीठ. उकळी आली की चार चमचे कुळथाचं पीठ थंड पाण्यात कालवून सोडायचं आणि मंद आचेवर शिजवायचं. रंग मातकट हिरवा येतो, बघणाऱ्याला आवडत नाही. गरम भातावर घ्या, डोळे मिटा.

दापोलीहून

'आपल्याकडे होत नाही' असं सरसकट म्हणू नका हो. पावसात होत नाही. भात कापून झालं, थंडी पडली, की परसात वाफा करून पेरा. बाजारातले धणे अख्खे टाकू नका, पायरीवर वाटीच्या बुडाने हलके रगडून दोन फाडी करा आणि रात्रभर भिजवा. कोंब दिसायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर धीर धरा आणि कोंबड्यांना आवरा. दीड महिन्यात कापायला येते. उपटू नका, वरून कापा, एकदा तरी पुन्हा फुटते.

मार्चचं ऊन लागलं की ती फुलावर जाते आणि पानं बारीक, उग्र होतात. तेव्हा लोक काढून टाकतात. आम्ही ठेवतो, कारण त्याच्या ओल्या धण्यांची चटणी वर्षातून तेवढीच मिळते. हिरवे धणे दोन चमचे, ओलं खोबरं, एक मिरची, लिंबू, मीठ. जाडसर ठेचायचं, दाताखाली धणा फुटला पाहिजे. गरम घावन आणि ही चटणी असली की आमच्याकडे दुपारचं जेवण होत नाही, घावनच चालू राहतात.

श्रीवर्धनहून

आमच्या कोकणी मुसलमान घरात अम्मी हिरवं चिकन करते. कोथिंबीर एक जुडी, तिच्या पाव पट पुदिना, मिरच्या, आलं, लसूण वाटून चिकनला तासभर लावून ठेवायचं. कांदा गुलाबी परतून त्यावर चिकन, झाकण, स्वतःच्या पाण्यात शिजू द्यायचं. शेवटी एक वाटी नारळाचं घट्ट दूध, त्यानंतर खळखळ उकळायचं नाही. पुदिना जास्त झाला तर कोथिंबीर हरते, एवढं सांभाळा.

दिव्याहून (ठाण्याजवळचं दिवा), मूळ गाव राजापूर तालुका

खोलीवर आम्ही तिघे चाकरमानी. सगळे पदार्थ वाचून भूक लागली पण इथे पाटा नाही नि वेळही नाही. आमचं एकच. रविवारी दोन जुड्या आणतो, मुळं कापतो, न धुता जुन्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, फ्रीजमध्ये. धुऊन ठेवली की काळी पडते. निम्मी लसूण, मिरची, मीठ आणि लिंबू घालून वाटून ठेवतो. आठवडाभर त्याच वाटणात कधी अंडी, कधी बटाटा, कधी गावाहून आलेले भिजवलेले कडवे वाल. वालांना वाटण लावून शिजवलं आणि वर गावचं खोबरं पडलं तर शेजारचा सातारकर आपलं ताट घेऊन येतो.

देवगडहून

सुक्या मासळीचं कुणीच कसं लिहिलं नाही? पावसात होड्या बंद, तेव्हा जवळा, म्हणजे सुकवलेली अगदी बारीक कोळंबीसारखी मासळी. कोरड्या तव्यावर मंद भाजायचा, करकरीत झाला की हाताने चोळून पाखडायचा, मिशा आणि कचरा उडून जातो. एका ताटात बारीक कांदा, ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घ्यायची, कोथिंबीर जवळ्याच्या बरोबरीने, कमी नको. दोन आमसुलं थोड्या पाण्यात कुस्करून ते पाणी वर. मीठ चाखून, कारण जवळ्यात असतंच.

हे उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर. पेज वाढून झाल्यावरच जवळा कालवायचा, आधी कालवलात तर मऊ पडतो. आणि महाग म्हणून कोथिंबिरीत काटकसर करायची असेल तर त्या दिवशी नुसता भाजलेला जवळा खा, तोही वाईट नाही.